तबकडीच्या मापाचे गाणे

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत फिरू लागली की तिची एक बाजू तीन, फार तर साडेतीन मिनिटांत संपते. सुई मधल्या कागदी चकतीशी येऊन खरखरते आणि कुणीतरी उठून बाजू पालटतो. मराठी भावगीताच्या जन्माची कथा आपण सहसा या खरखरीपासून सांगत नाही. ती सांगतो कवीच्या हळव्या मनापासून, संगीतकाराच्या प्रतिभेपासून, गायकाच्या आर्त गळ्यापासून. ही तिन्ही माणसे होतीच. पण हळवी मने आणि आर्त गळे महाराष्ट्रात त्याआधी सातशे वर्षे होते, तरी भावगीत नव्हते. अभंग होता, ओवी होती, लावणी होती, नाट्यपद होते. साडेतीन मिनिटांचे, एकट्या माणसाने हलक्या आवाजात म्हटलेले, देव, नाटक किंवा बैठक यांपैकी कशाचाही आधार न घेणारे गाणे मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात आले. माझे म्हणणे असे की ते तबकडी, मायक्रोफोन आणि रेडिओची कचेरी या तिघांच्या मापाने बेतले गेले, आणि त्याचा सांस्कृतिक अर्थही त्या मापातच शोधावा लागतो.

आधी नाट्यपदाकडे पाहू, कारण भावगीत आले तेव्हा मराठी माणसाच्या कानात तेच होते. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली रंगमंचावर फुलायच्या त्या ‘वन्स मोअर’च्या जोरावर. बालगंधर्वांचे एक पद प्रेक्षकांच्या मर्जीनुसार पाऊण तास चालले तरी नवल वाटत नसे. तेच पद तबकडीवर गेले की आक्रसे. ताना कापल्या जात, आलाप नावापुरता उरे, गायक घाईने मुखड्यावर येई. ख्यालाचेही तेच. १९०२ साली गायजबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हापासून आपल्या गवयांनी या कोंडमाऱ्यातून वाट काढली आणि काहींनी तीन मिनिटांत रागाचा अर्क उतरवण्याची करामतही करून दाखवली. पण ती करामतच, म्हणजे मोठे घर मोडून खोलीत मांडलेला संसार. भावगीताला असे काही मोडावे लागले नाही. ते त्या खोलीतच जन्मले.

त्यातही सुरुवातीची वीस-बावीस वर्षे ही खोली हलक्या आवाजाला बंद होती. विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. मेणावर रेघ उमटायची तर गळा पल्लेदार हवा. शब्दांतली कुजबुज, ओळ संपताना सुटलेला श्वास, अर्धवट सोडलेला स्वर यांतले काही त्या कर्ण्याला ऐकूच येत नसे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, पुढच्या काही वर्षांत तो भारतातल्या ध्वनिमुद्रणातही रुळला आणि गाणाऱ्याला ओरडण्यापासून सुट्टी मिळाली. मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर गायली, ती नेमकी या वळणावर. मराठी भावगीताचा आरंभ बहुतेक जण याच तबकडीपासून धरतात. जोशीही वकिली शिकलेले. पुढे ते एचएमव्हीत अधिकारी झाले आणि इतरांच्या तबकड्या काढू लागले. पहिल्या भावगीताचा गायकच ध्वनिमुद्रण कंपनीचा माणूस व्हावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आता ही साडेतीन मिनिटे जरा उलगडून पाहू. आरंभीच्या वाद्यसंगीताला पंधरा-वीस सेकंद. मग ध्रुपद, ते दोनदा. ध्रुपद आणि अंतरा यांच्यामध्ये वाद्यांचा छोटा तुकडा, गायकाला श्वास घ्यायला आणि ऐकणाऱ्याला ओळ मुरवायला. पहिला अंतरा, परत ध्रुपद. दुसरा अंतरा, परत ध्रुपद. जागा उरलीच तर तिसरा. एवढ्यात तबकडी संपते. म्हणजे कवितेतल्या बारा ते सोळा ओळींपेक्षा जास्त ओळी तिच्यावर मावत नाहीत. सात कडव्यांच्या कवितेतली चार कडवी बाहेर राहणार हे ठरलेलेच. कोणती राहणार हे संगीतकार ठरवतो, गायक ठरवतो, क्वचित कवीलाही विचारतात. याचा उलटा परिणाम लगेच दिसू लागला आणि कवी त्या मापाने लिहू लागले. पहिली ओळ स्वतंत्रपणे उभी राहील आणि चारदा ऐकली तरी शिळी होणार नाही अशी, अंतरे तीन, प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ ध्रुपदाच्या यमकावर आणून सोडणारी. ग. दि. माडगूळकर, पी. सावळाराम, राजा बढे, मंगेश पाडगावकर यांच्या गीतांचा सांगाडा तपासला तर या शिवणीचे टाके जागोजाग दिसतात. शब्द आधी की चाल आधी, हा वाद आपल्याकडे हिरिरीने घातला जातो. खरे तर दोघांच्याही आधी तबकडी होती.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो वजनदार आहे. भावगीत कवितेतून आले, यंत्रातून नाही, असे कोणी म्हणेल. ‘भावगीत’ हा शब्दच मुळी काव्यसमीक्षेतला; आत्मपर, गेय, छोट्या कवितेसाठी तो योजला गेला आणि कंपन्यांनी तो नंतर उचलला. भा. रा. तांब्यांनी ग्वाल्हेरीत बसून लिहिलेल्या कविता कुठल्या तबकडीसाठी लिहिल्या होत्या? १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी सभांतून आपल्या कविता चालीवर म्हणत आणि लोक तिकीट काढल्यासारखे जमत. हे सगळे खरे आहे. पण रविकिरण मंडळाचे काव्यगायन हे कवितेचे वाचनच होते, चालीच्या आधाराने केलेले. चाल बहुधा वृत्ताचीच, पहिल्या कडव्याला लागली की दहाव्यालाही तीच. तिथे कविता पूर्ण म्हटली जाई, कारण सभेला घाई नव्हती. तांब्यांच्या कविता वसंत प्रभूंच्या चालींत आणि लताबाईंच्या आवाजात घरोघर गेल्या तेव्हा त्या वृत्ताच्या चालीपासून सुटल्या होत्या, शब्दाशब्दाचे वजन तोलून नव्याने बांधल्या गेल्या होत्या, आणि छाटल्याही गेल्या होत्या. बी कवितेचे, हे मान्य. कुंडीचा आकार मात्र दुसऱ्याचा.

या हलक्या आवाजाने समाजात काय केले, ते १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये दिसते. नाट्यमन्वंतरच्या या नाटकात केशवराव भोळ्यांनी मोजकीच पदे ठेवली आणि ज्योत्स्ना भोळे यांनी ती भावगीताच्या धर्तीवर, प्रसंग न थांबवता गायली. गोव्याच्या बांदिवड्यातून आलेली ही गायिका स्त्रीभूमिकेत स्वतः उभी राहिली, ही तर मोठी गोष्ट होतीच. त्याहून मोठी गोष्ट अशी की तिचे गाणे घरातल्या बाईने म्हणावे असे होते. त्याला ताना नव्हत्या, उस्तादाची तालीम लागत नव्हती, तबकडीवरून चार वेळा ऐकले की ते पेटीवर बसे. बैठकीतली स्त्री आणि घरातली स्त्री यांच्यामध्ये मराठी मध्यमवर्गाने जी भिंत घातली होती, तिला भावगीताने दार पाडले. मुलगी पाहायला आलेल्यांनी ‘गाणं येतं का’ विचारावे आणि तिने मालती पांडे किंवा माणिक वर्मा यांचे गाणे म्हणावे, हा रिवाज त्याच दारातून आला. त्या प्रश्नात परीक्षा होती आणि तिची चीड येणे रास्त आहे. तरी दोन पिढ्यांच्या बायकांना ‘मी’ असा शब्द उच्चारून चारचौघांत गायची मुभा या गाण्याने दिली, हेही नोंदवले पाहिजे.

तिसरी शिंपीण म्हणजे रेडिओची कचेरी, आणि ती सर्वांत हट्टी. ‘सुगम संगीत’ हे नावच सरकारी. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते उठले आणि रेडिओ सिलोनकडे गेले, अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेकडे. पोकळी भरायची म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले, कवींकडून गीते मागवली गेली, पगारी वादक आणि संगीतकार नेमले गेले. हिंदी मुलखात हा प्रयोग फारसा रुजला नाही, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. मराठीत तो रुजला, कारण इथे गाणे आणि कविता दोन्ही आधीच तयार होती. त्यात आणखी एक गंमत झाली. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. गजानन वाटवे चौकाचौकांत, गणेशोत्सवात हजारोंपुढे गात ते स्वतः पेटी वाजवत. तिथे पेटी गळ्याला टेकू देई. स्टुडिओत तो टेकू काढून घेतला गेला. मग बासरी, सतार, व्हायोलिन पुढे आली, मींड आली, आणि गळ्याला दोन स्वरांमधली वाट स्वतःच चालावी लागली. श्रीनिवास खळ्यांच्या अवघड, वळसे घेणाऱ्या चाली या हवेत वाढल्या असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज यांतून आकाशवाणीवर घडलेले ‘शुक्रतारा’ घ्या. दात्यांचा तो थोडा कापरा, कानाशी बोलणारा आवाज बिनमाइकच्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेच्या पुढे गेला नसता. आकाशवाणीवरच कारकीर्द घडलेल्या यशवंत देवांनी या साऱ्याला ‘शब्दप्रधान गायकी’ असे नाव देऊन त्यावर पुस्तकच लिहिले.

माप बदलले की गाणे बदलते याचा पुरावा हवा असेल तर तो ‘गीतरामायणा’त आहे. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला ते सुरू केले. आठवड्याला एक गीत. अधिक मासामुळे वर्षअखेर गीते झाली ५६. माडगूळकर आणि सुधीर फडके तेच, जे चित्रपटासाठी तीन अंतऱ्यांची गाणी करत. पण इथे बाजू पालटायची नव्हती, कार्यक्रमाची वेळ भरायची होती. लगेच आठ-आठ, दहा-दहा कडवी आली. गाणे भावना सांगण्याऐवजी गोष्ट सांगू लागले आणि एकट्या ‘मी’च्या जागी राम, सीता, भरत, शूर्पणखा अशी पात्रे बोलू लागली. आणखी एक फरक झाला. इतक्या कडव्यांना एकच चाल कंटाळवाणी होणार, म्हणून फडक्यांनी अनेक गीतांत अंतऱ्याच्या चाली आलटून पालटून बांधल्या. माणसे तीच, भाषा तीच, फक्त डबा लांब झाला.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो मला अधिक बोचतो. तंत्राने इतके ठरते तर लावणीचीही तबकडी तीन मिनिटांचीच होती, शाहिराचीही. त्यांचे भावगीत का झाले नाही? कारण माप हे कापड नव्हे. कापड कोणाचे, हे ऐकणारा ठरवतो. ग्रामोफोन विकत घेणारा, पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढणारा, कचेरीतून परतून दिवेलागणीला ऐकणारा श्रोता शहरी आणि बहुतेक पांढरपेशा होता. म्हणून भावगीतात संध्याकाळ आहे, चांदणे आहे, दुरावा आहे. कामाचा घाम, भाकरी, जात नाही. आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसणारे उच्चार आणि गळे ठरावीकच होते. त्याच काळात वामनदादा कर्डक गावोगाव फिरून आंबेडकरी गाणी लिहीत आणि गात होते. त्यांची गाणी वह्यांमधून उतरवली जात, वस्तीवस्तीत पाठ होत. लोकप्रियतेच्या मोजमापात ती भावगीतापेक्षा उणी होती असे कोणी सिद्ध करून दाखवावे. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हा दार उघडले. प्रल्हाद शिंदे टपरीटपरीवर वाजू लागले, मग आनंद शिंदे आले, आणि मराठी गाण्याची बाजारपेठ खरी केवढी आहे हे कंपन्यांनाच नव्याने कळले. भावगीताचे सुवर्णयुग संपले म्हणून हळहळणारे बरेच लेख त्यानंतरचे आहेत. त्यांतली हळहळ गाण्यासाठी किती आणि मक्तेदारीसाठी किती, हे तपासायला हवे.

यंत्राला इतके श्रेय देणे म्हणजे कलावंताचा अपमान, असे काही रसिकांना वाटेल. मला ते पटत नाही. ओवीला जात्याची लय होती, म्हणून जनाबाई लहान होत नाही. बंगालीत ‘आधुनिक गान’ आणि कन्नडमध्ये ‘भावगीते’ याच काळात, अशाच तबकड्यांवर उभी राहिली. तरी मराठी भावगीत त्या दोघांसारखे लागत नाही. बंधन सगळ्यांना सारखे होते, त्यातून वाट काढणारे खळे किंवा प्रभू मात्र सारखे नव्हते. त्यांचे कर्तृत्व मोजायचे तर आधी जागा किती होती ते मोजले पाहिजे.

ही जागा आजही कोणीतरी मोजतेच आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय गाणे ऐकले असे धरत नाहीत, म्हणून आरंभीची वाद्ये आखडली आहेत आणि मुखडा उंबरठ्यावरच उभा असतो. रीलला त्याहून कमी जागा. आजची गाणी उथळ आहेत की नाहीत याचा निवाडा करण्यापूर्वी एक छोटे काम करून पाहण्यासारखे आहे. तुम्हाला तोंडपाठ असलेले, कवितेवरून केलेले एखादे भावगीत घ्या, तांब्यांचे असेल तर उत्तम, आणि ती कविता मूळ संग्रहात काढून वाचा. गाण्यात न आलेली कडवी सापडली तर ती मोठ्याने म्हणून पाहा. चाल तिथवर पोचते का, तेही पाहा.