मोठा फिशटँक : नवा घ्यावा की जुना?

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. पण पगारावर चालणाऱ्या घरात हौसेचाही हिशेब मांडावा लागतो. तो न मांडल्यामुळे आमची जी फजिती झाली, ती वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

चार वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाखातर आम्ही चार फुटी फिशटँक घरी आणला. जुना होता. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाला, वर लोखंडी स्टँड फुकट. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत दुसऱ्यांची बिले तपासणारे. पण 'स्वस्त' हा शब्द ऐकला आणि स्वतःच्या वेळी तपासणी विसरलो. संध्याकाळी टँक पुसला, रात्री नळाला पाणी आले तसा काठोकाठ भरला. पहाटे दोनच्या सुमारास तळाचा सांधा सुटला. पाणी आमच्या लादीवरून खालच्या खोलीत उतरले. खालच्या मावशींची नात तेव्हा दहावीला होती. तिच्या वह्या जमिनीवरच रचलेल्या होत्या, त्या साऱ्या भिजल्या. मावशी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुमचे पैसे गेले. माझ्या पोरीचे वर्ष जाऊ नये." पुढचे पंधरा दिवस आम्ही आणि सौ. रात्री बसून तिच्या मैत्रिणीच्या वह्या उतरवून देत होतो.

गेल्या वर्षी वस्तीतल्या बालवाडीसाठी मोठा टँक घ्यावा, असे ठरले. पैसा वर्गणीचा. काम आमच्याकडेच आले. या खेपेला मात्र आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम वजन. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे अडीचशे लिटर, आणि तेवढेच किलो. १० मि.मी. जाडीच्या काचेचे पन्नासेक किलो, शिवाय वाळू, दगड व स्टँड. सगळे मिळून साडेतीनशे किलोच्या घरात जाते, आणि तेही सहा चौरस फुटांवर. जुन्या चाळीच्या वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांवर हा भार टाकू नये. बालवाडी तळमजल्यावर असल्याने ती चिंता मिटली.

मग नवा की जुना? कुर्ल्याला गेलो, महात्मा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटातही चौकशी केली. नव्या टँकमध्ये काच आपल्या मापाची व आपण सांगू त्या जाडीची मिळते. दीड फूट उंचीला १० मि.मी. काच असावी आणि वरच्या कडेला आडव्या काचपट्ट्या असाव्यात, म्हणजे पाण्याच्या दाबाने काच बाहेर फुगत नाही. काचेची जाडी पावतीवर लिहून घ्यावी. मात्र नवा टँक आणला की लगेच भरू नये. सांध्यांना सिरकासारखा वास येत असेल, तर सिलिकॉन अजून सुकलेले नाही असे समजावे. मोठ्या टँकला आठवडाभर तरी कोरडा ठेवावा.

जुना टँक पाहायला जाताना तो पाण्याने भरलेला, चालू स्थितीत असेल, तर अर्धी परीक्षा तिथेच होते. वर्षानुवर्षे गच्चीवर उन्हात रिकामा पडलेला टँक कितीही स्वस्त मिळो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. कोपऱ्यांवर बोट फिरवावे. टवका उडालेला असेल तर परत फिरावे. सांध्यात बुडबुडे दिसतात का, सिलिकॉन कडेने सुटून नखाने निघते का, ते पाहावे. विकणारा म्हणेल, "वरून थोडे सिलिकॉन मारा, झाले." तसे होत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. जुने पात्याने पूर्ण खरवडूनच नवे भरावे लागते, आणि मोठ्या टँकचे हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

आता हिशेब. जुन्याच्या किमतीत टेम्पो, हमाली, दुरुस्ती आणि बदलावा लागणारा पंप व फिल्टर मिळवावा. ही बेरीज नव्याच्या दोनतृतीयांशाच्या वर गेली, तर आमच्या मते नवाच बरा. पण जुना चालू टँक असेल, तर त्याचा एक लाभ दुकानात मिळत नाही. फिल्टरच्या स्पंजात माशांची घाण पचवणारे जिवाणू वसलेले असतात. नव्या टँकमध्ये ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तो स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवून आणावा, नळाखाली धुऊ नये. मात्र तिथले मासे आजारी असतील, तर हा लाभ सोडून द्यावा.

आम्हाला एका निवृत्त गृहस्थांचा चालू टँक मिळाला. बेरीज नव्याच्या निम्म्याहून थोडी वर गेली. टँक मीठ लावून घासला. साबण लावला नाही. पांढरे डाग व्हिनेगरने काढले. पाणसळ लावून स्टँड समतल केला, वर थर्माकोल घातला. पहिल्या दिवशी निम्माच भरला, दुसऱ्या दिवशी पूर्ण. खाली वर्तमानपत्र पसरले आणि तीन दिवस वाट पाहिली. नंतरच मासे आणले, तेही थोडेथोडे.

मावशींची तीच नात आता कॉलेजात शिकते आणि सकाळी बालवाडीत मुलांना गोष्टी सांगते. त्या तीन दिवसांत रोज सकाळी ती आमच्या आधी पोचायची आणि वाकून टँकखाली हात घालायची. तिसऱ्या दिवशी मुलांसमोरच म्हणाली, "काका, कागद कोरडा आहे. आता मासे आणा."

तात्पर्य, नवा की जुना हे किमतीवरून ठरवू नये, तपासणीवरून ठरवावे. जुना टँक तपासून पाहू देत नसतील, तर नवा घ्यावा; नवा परवडत नसेल, तर दोन फुटी घ्यावा. मुलांना मासे त्यातही तितकेच दिसतात.