उंट बांधा, मग तवक्कुल

गुलमर्गला स्कीचे प्राथमिक शिक्षण घेऊन आलेला आमचा भाचा म्हणाला, “मामू, या मार्चमध्ये आखलेल्या उताराबाहेर, डोंगरात जायचंय.” आपांच्या डोळ्यांत पाणी आले. नुसते “नको” म्हणून भागणार नव्हते. आम्ही सगळे वही घेऊन बसलो.

पहिला प्रश्न जागेचा. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे. गंडोला अफरवटवर 3900 मीटरच्याही वर नेते. पण तिथले उभे उतार नवख्याचे नव्हेत. हिमस्खलन बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होते. म्हणून उतार 30 अंशांहून कमी हवा, डोक्यावर उभा कडा नको. एकूण चढ 400 मीटरच्या आत ठेवला. नवखा माणूस तासाला साधारण 300 मीटर चढतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. वसंतात रात्री बर्फ गोठून घट्ट होतो, उन्हाने वरचा थर मऊ होतो. तो थोडा मऊ झाला की उतरावे. दुपारी भिजलेला बर्फ घसरतो. फजरनंतर निघायचे आणि जोहरपूर्वी खाली यायचे ठरले. रमजानचे दिवस मुद्दाम टाळले.

तिसरी गोष्ट सामानाची. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची स्किन, टाच मोकळी सोडणारी बाइंडिंग, काळा चष्मा, पाणी. शिवाय प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची असतात. तेव्हा मदत सोबत्यांचीच मिळते. ही साधने वापरण्याचा सराव आधी करून घेतला. स्थानिक जाणकार वाटाड्याही ठरवला.

त्या दिवशी पहाटे वाटाड्याने बर्फात बूट दाबून पाहिला. रात्रभर ढग होते, त्यामुळे बर्फ गोठलाच नव्हता. बूट घोट्यापर्यंत रुतला. “आज नाही,” तो म्हणाला. भाच्याचे तोंड उतरले. “एवढा खर्च करून आलो, मामू!” आम्हालाही वाईट वाटले; पण परत फिरलो.

दोन दिवसांनी आभाळ निरभ्र झाले. बर्फ काचेसारखा कडक गोठला. भाचा वर गेला, हसत खाली आला आणि आपांना फोन लावून म्हणाला, “अम्मी, परवा परत फिरलो तेच बरं झालं.”

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना तोंडी सांगतो. ती त्याला बर्फात कळली, अल्हम्दुलिल्लाह.