एका दिवसाचा किमोनो

जपानला जाणाऱ्या प्रवाशांत अलीकडे एक प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. सकाळी दुकानातून किमोनो भाड्याने घ्यावयाचा, तो नेसून दिवसभर नगरदर्शन करावयाचे आणि सायंकाळी दुकान बंद होण्यापूर्वी तो परत करावयाचा. इस्राएलातून प्रवासास जाणाऱ्या आपल्या मुलींनाही या प्रथेचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. वरवर पाहता ही केवळ हौस होय. परंतु ज्या समाजाच्या स्त्रियांनी कोकणातून व मुंबईहून येताना पेट्यांतून लुगडी आणि साड्या आणल्या, त्या समाजाने या हौशीकडे थोडे बारकाईने पाहावे.

मराठीत आपण झगा ‘घालतो’, पण साडी ‘नेसतो’. किमोनोला बाह्या असल्या तरी त्याला ‘नेसणे’ हेच क्रियापद शोभते. सुमारे बारा मीटर लांब व जेमतेम हातभर रुंद अशा एका पट्ट्यातून तो सरळ रेषेत कापलेल्या तुकड्यांचा शिवला जातो. शिवण उसवली की पुन्हा सरळ पट्टे हाती येतात. जुन्या काळी ते असे सुटे करून धूत व पुन्हा शिवीत. स्त्रियांचा किमोनो अंगापेक्षा लांब असतो. जादा कापड कमरेशी दुमडून दोऱ्यांनी बांधावयाचे आणि वर ‘ओबी’ हा रुंद पट्टा आवळावयाचा. म्हणूनच उंच मुलीला आणि ठेंगण्या मुलीला एकच किमोनो चालतो व तो भाड्याने देता येतो. हा गुण आपल्या साडीचाही आहे.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळला जातो. डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. इसवी सन ७१९ मध्ये दरबारी आज्ञेने हा नियम झाला. उजवा पदर डाव्यावर येतो तो केवळ मृताला वस्त्र नेसविताना.

भाड्याच्या दुकानांची गर्दी टोकियोच्या आसाकुसा भागात आहे. तेथे साधारणपणे तीन ते दहा हजार येनांत, नेसविण्यासह, पोषाख मिळतो. मात्र नेसल्यानंतर आसाकुसाच्या गर्दीतच न घुटमळता सुमिदा नदीच्या पूर्व तीरावरील कोतो या प्रभागात जावे. त्यातील फुकागावा वस्तीचा वस्त्रांच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. ‘हाओरी’ हा किमोनोवर घालावयाचा अंगरखा एके काळी पुरुषांचा मानला जाई. एदो काळात फुकागावाच्या गेशांनी तो अंगावर चढविला आणि त्या ‘हाओरी गेशा’ म्हणून प्रसिद्धीस आल्या. आज जपानी स्त्रिया तो सर्रास वापरतात. येथील फुकागावा एदो संग्रहालय १९८६ साली उघडले. त्यात सुमारे १८४० च्या सुमारासची वस्ती घरे, दुकाने व वखारींसह उभारली आहे. जवळच कियोसुमी उद्यान आहे. कामेइदो येथील तेनजिन देवस्थानाच्या आवारात एप्रिलच्या अखेरीस जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि तळ्यावर कमानदार पूल आहे. किमोनोत पाऊल आखूडच पडते. तो पूल चढताना याची पुरती प्रचीती येते.

परंतु जो पोषाख एके काळी नित्याचा होता, तो भाड्याचा कसा झाला? १८७२ साली सरकारने समारंभासाठी पाश्चात्त्य वेष ठरविला. १८८७ मध्ये सम्राज्ञीने स्त्रियांनाही त्या वेषाचा सल्ला दिला. तरीही सामान्य घरांतील बायका किमोनोच नेसत. मोठा आघात युद्धाने केला. १० मार्च १९४५ च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. फुकागावा व शेजारचा जोतो हे विभाग त्यात जळून गेले. १९४७ साली हे दोन्ही विभाग एकत्र करून आजचा कोतो प्रभाग निर्माण झाला. ज्यांच्या पेट्या वाचल्या होत्या, त्यांनी पुढील दुष्काळात एकेक किमोनो खेड्यात नेऊन त्याच्या मोबदल्यात तांदूळ आणला. बांबूच्या कोंबाची एकेक साल सोलावी तसे अंगावरचे एकेक वस्त्र विकून जगणे, म्हणून त्या दिवसांना ‘कोंबाचे जिणे’ असे नाव पडले.

पुढे सुबत्ता आली आणि नवे किमोनोही आले, पण नेसणारे हात आले नाहीत. ज्या मातांनी रोज किमोनो नेसला नाही, त्यांच्या मुलींना तो नेसविणार कोण? आज जपानमध्ये नेसण्याची विद्या शिकविणारे शुल्क घेऊन चालणारे वर्ग आहेत. वयात आल्याच्या समारंभासाठी जानेवारीत असंख्य जपानी मुलीच लांब बाह्यांचा किमोनो भाड्याने घेतात आणि तो दुसऱ्याकडून नेसवून घेतात. २००८ साली जाहीर झालेल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात जपानी वस्त्र नेसण्याचे मूलभूत पाठ देण्यास वाव ठेवावा लागला. शिक्षकी पेशातील मनुष्याला याचा अर्थ तात्काळ कळतो. जे घरात आपोआप शिकले जात होते, ते शाळेकडे आले.

आता आपल्या घरांकडे वळू. नऊवारी गेली, पाचवारी आली आणि या देशात तीही मेहंदीच्या रात्रीपुरती उरली. लोदला असो वा दिमोनाला, त्या संध्याकाळी हॉलच्या खोलीत एखाद्या वृद्ध मावशीभोवती आठ-दहा मुली पिना घेऊन उभ्या असतात. मावशी भराभर निऱ्या घालते. मुली छायाचित्रांत सुंदर दिसतात, पण निरी कशी धरावी हे त्यांतील एकीलाही ठाऊक नसते. कापड पेटीत डांबराच्या गोळ्या घालून पन्नास वर्षे टिकते. नेसण्याची कला मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरच टिकते.

म्हणून कोतोला जाणाऱ्या आपल्या कन्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली व्यवहाराची. शुक्रवारी किमोनो घेऊ नये. डिसेंबरात टोकियोचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि वस्त्र परत करण्याच्या धावपळीत शाब्बाथ दारात उभा राहतो. दुसरी सूचना मनाची. दुकानातील बाई नेसवीत असताना आरशात स्वतःचा चेहरा पाहण्यापेक्षा तिचे हात पाहावेत. आणि परत आल्यावर, पुढच्या मेहंदीची वाट न पाहता, एखाद्या निवांत संध्याकाळी आजीला किंवा मावशीला पेटी उघडावयास सांगावी. साडी तिने नेसवू नये, नुसते सांगत बसावे. निऱ्या दहा वेळा सुटतील. अकराव्या वेळी त्या बसतील आणि मग ते वस्त्र भाड्याचे राहणार नाही.