छत्तिसावं जग

‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्याच टप्प्यात आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप यांच्या कडा एकदा नीट न्याहाळा. दोन्ही एकच चित्र आहे! ढगाचा वरचा भाग घेतला, हिरवा रंगवला, जमिनीवर टेकवला, की झालं झुडूप. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट फुंकून फुंकून हा खेळ खेळलेल्या पिढीतल्या कितीजणांच्या हे लक्षात आलं असेल?

जागाच तेवढी होती. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोने हा खेळ बाजारात आणला, तेव्हा सगळा पसारा ४० किलोबाइटांत बसवला होता. त्यातले ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, नकाशे आणि संगीताला, उरलेले ८ चित्रांना. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका टप्पे कागदावर चौकटी मोजत आखायचे आणि प्रोग्रॅमर ते आकड्यांत उतरवायचे.

वाटेत पहिला भेटणारा तो तपकिरी, भुवया चढवलेला गुम्बा खरं तर सगळ्यात शेवटी जन्मला. नवख्या खेळाडूला सुरुवातीलाच कासव जड जातंय, असं दिसल्यावर सोपा शत्रू हवा, असं ठरलं. पण तोवर जागा संपत आली होती. मग त्याचं एकच चित्र काढलं आणि ते आरशातल्यासारखं डावी-उजवीकडे उलटत ठेवलं. आपल्याला वाटतं, तो तुरुतुरु चालतोय!

आवाजाचीही तीच गत. संगीतकार कोजी कोंदो यांच्या हाताशी मोजकेच सूर-मार्ग होते आणि खेळातले आवाजही त्यांतूनच जायचे. त्यामुळे नाणं उचललं, की त्या टणत्काराला वाट देण्यासाठी धुनेचा एक पदर क्षणभर गप्प होतो. कान देऊन ऐकलं तर कळतं.

पण या खेळातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट कुणी मुद्दाम बनवलेलीच नाही. १-२, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या, भुयारी टप्प्याच्या शेवटी, भिंतीपलीकडे तीन पाइप आहेत. ते थेट चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या जगात नेतात. बाहेर पडायच्या पाइपवर उभं राहून, पाठमोरी, नेमकी उडी साधली तर मारिओ विटांत अडकतो आणि खेळ त्याला उजवीकडे ढकलत भिंतीतून पार नेतो. पडदा पुरेसा पुढे सरकण्याआधीच पहिल्या किंवा तिसऱ्या पाइपात शिरलं, तर वर अक्षरं येतात : वर्ल्ड -१.

उणे एक! अनेकांना तो दडवून ठेवलेला गुप्त प्रदेश वाटला. खरा उलगडा त्याहून सुंदर आहे. पडदा पुरेसा सरकेपर्यंत त्या तीन पाइपांवरचे आकडे खेळाने वाचलेलेच नसतात. तोवर तिथे ४-२ मधल्या पाइपाची माहिती धरलेली असते. तिथे पाचव्या जगात नेणारा एकच पाइप आहे, म्हणून मधे ५ आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा. आता खेळाच्या चित्रसाठ्यात ० ते ९ हे आकडे पहिले, मग १० ते ३५ या क्रमांकांवर इंग्रजी लिपीतली २६ अक्षरं, आणि ३६व्या क्रमांकावर कोरी चौकट. खेळ ती कोरी चौकटच जगाचा क्रमांक समजतो आणि मारिओला इमानेइतबारे छत्तिसाव्या जगात पाठवतो. पडद्यावर ३६व्या क्रमांकाचं चित्र उमटतं, म्हणजे काहीच उमटत नाही. उरतं फक्त ‘-१’. ते उणे चिन्ह नाहीच, १-२ किंवा ४-२ मधे असते तीच आडवी रेघ.

जगं आठच असल्याने छत्तिसाव्याचा नकाशा शोधताना खेळ यादीबाहेर पोचतो आणि हाती लागेल तो आकडा उचलतो. त्यातून २-२ आणि ७-२ मधलाच पाण्याखालचा टप्पा उघडतो. फरक एवढाच, की शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडतो. पोहत राहायचं, वेळ संपेपर्यंत. १९८६ मध्ये जपानमध्ये हाच खेळ डिस्कवर आला. त्यात माहितीची मांडणी वेगळी असल्याने तिथलं उणे जगही वेगळं निघालं. त्यात तीन टप्पे आहेत आणि ते चक्क पार करता येतात.

मुद्दाम ठेवलेल्या गमतीही आहेत. झेंड्याच्या खांबाला हात लागताना वेळेचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तेवढेच फटाके उडतात. आणि किल्ल्यातला तो आग ओकणारा बाउझर? बहुतेकजण त्याला चुकवून पलीकडची कुऱ्हाड गाठतात आणि पूल पाडतात. पुन्हा खेळाल तेव्हा फुलाची शक्ती जपून १-४ पर्यंत न्या आणि त्याला आगीचे पाच गोळे मारा. मरताना त्याचं खरं रूप दिसेल : बाउझरचं सोंग घेतलेला एक गुम्बा. पहिल्या सात किल्ल्यांत असेच सात वेगवेगळे तोतये बसवलेत. खरा बाउझर फक्त आठव्या जगात आहे.