शिंतोड्यांवर चालणारा गिअरबॉक्स

मोटारीच्या इंजिनात ऑइलचा पंप असतो हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच इंजिनाला खेटून बसलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र सहसा पंपच नसतो. तळाशी दीड-दोन लिटर ऑइल आणि त्यात बुडालेले खालच्या शाफ्टचे दाते, एवढाच कारभार. शाफ्ट फिरला की दाते ऑइल उचलून वर भिरकावतात. ते कवचाच्या भिंतींवर आपटते, आतल्या पन्हळींतून ओघळत बेअरिंगपर्यंत पोचते आणि पुन्हा तळाला येते. व्यवस्था गावठी वाटली तरी लाख-दोन लाख किलोमीटर निमूट चालते.

अट एकच, ऑइलात बुडालेले चक्र फिरत राहिले पाहिजे. मागच्या चाकांवर चालणारी जुन्या धाटणीची गाडी इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये लांबवर टोचन करून नेली की ही अट मोडते. चाकांमुळे वरचा मेनशाफ्ट गरगर फिरतो, पण खालचा लेशाफ्ट इंजिनाच्या बाजूला जोडलेला. तो जागचा हलत नाही. ऑइल तळाशी स्वस्थ आणि वर बेअरिंग कोरडे. म्हणून अशा गाडीचा प्रोपेलर शाफ्ट सोडवतात, नाहीतर मागची चाके उचलून घेतात. (डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावे. अर्थात त्यांना गिअरबॉक्सच्या आधी ब्रेक दगा देतील.) पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचे मोठे चक्र त्याच ऑइलात बुडालेले असते आणि चाकांबरोबर फिरते, त्यामुळे तिचे सहसा निभावते.

तरीही काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला बाहेरून पंप जोडतात. त्याचे मुख्य कारण मात्र उष्णता. दात्यांचे घर्षण, बेअरिंग आणि ऑइलची घुसळण यांत मिळून गिअरबॉक्समधून जाणाऱ्या शक्तीचा ढोबळमानाने तीन टक्के भाग वाया जातो असे धरू. हायवेवर ताशी ८० किलोमीटरने चालणाऱ्या छोट्या मोटारीला १०-१५ किलोवॉट पुरतात. त्याचे तीन टक्के म्हणजे अर्ध्या किलोवॉटहून कमी. तेवढी उष्णता कवचावरून वाहणारा वारा घेऊन जातो. पण ३०० अश्वशक्तीची गाडी रेस ट्रॅकवर पूर्ण जोराने पळवली, तर सव्वादोनशे किलोवॉटचे तीन टक्के होतात जवळपास पावणेसात. म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे तीनेक गिझर दोन लिटर ऑइलात सोडल्यासारखे. ट्रॅकवरही असा जोर सतत लागत नाही, तरी ऑइल शंभरी सहज ओलांडते. ते पातळ होते, दात्यांमधला थर विरळ होतो, ऑइल लवकर जळकट होते आणि रबरी सील कडक पडतात. फोर्डच्या शेल्बी जीटी३५० मस्टँगच्या २०१६ मधल्या साध्या मॉडेलला गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा कूलर नव्हता. ट्रॅकवर तापली की गाडी आपणहून इंजिनाची ताकद कापायची. मालक कोर्टात गेले. २०१७ च्या मॉडेलपासून कूलर सगळ्यांनाच मिळाला.

कूलरपर्यंत ऑइल न्यायचे तर पंप हवा; शिंतोडे नळीत चढत नाहीत. १२ व्होल्टचा विजेचा पंप ड्रेन प्लगच्या जागेतून ऑइल ओढतो, कूलरमधून फिरवतो आणि वरून परत सोडतो. इथे फार दाब लागत नाही, लागतो तो प्रवाह. मिनिटाला चार लिटर ऑइल कूलरमध्ये २० अंशांनी निवले, तर दोन किलोवॉटहून थोडी जास्त उष्णता बाहेर पडते. हातात कसब असलेला मेकॅनिक परतलेले ऑइल नुसते आत ओतत नाही, बारीक भोकांच्या नळीतून ते नेमके दाते जुळतात तिथे फवारतो.

पंपाच्या आधी जाळी हवीच, कारण ऑइलात गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांची भुकटी आणि पोलादाचा कीस असतो. जाळी फार बारीक घेतली तर पंप उपाशी राहतो. त्यात ७५डब्ल्यू-९० ऑइल ४० अंशांना १०० अंशांच्या मानाने सहापटीहून दाट असते. म्हणून ८० अंशांच्या आसपास पंप चालू करणारा स्विच लावतात. नळ्या आणि कूलर भरले की तळची पातळी उतरते, तेव्हा पंप चालवून मग ती पुन्हा पाहायची. उत्साहाने जास्त ओतले तर घुसळण वाढते, फेस होतो आणि ऑइल हवा सोडणाऱ्या ब्रीदरमधून बाहेर येते.

रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीला हे सगळे म्हणजे निव्वळ हौस. आधी ऑइलचे तापमान मोजावे; आकडा शंभराच्या आत राहत असेल तर तेच पैसे चांगल्या टायरांवर घालावेत.

ट्रॅकवाल्यांनी मात्र एक हिशेब करून ठेवावा. पंप बंद पडला तर मूळचे शिंतोडे असतातच, गाडी घरी पोचते. नळी फुटली तर हाच पंप मिनिटाला चार लिटरच्या वेगाने दोन लिटरचा गिअरबॉक्स अर्ध्या मिनिटात रस्त्यावर ओततो, आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पंपाच्या पुढच्या नळीवर दाबाचा स्विच आणि समोर त्याचा दिवा, ही वायरिंग पंपाच्या आधी करावी.