मूत्रपिंडाच्या धमनीतला चुना

कूपनलिकेच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेला गीझर उघडल्यावर आतील नळीवर धरलेला, नखाने न खरवडणारा पांढरा थर ज्या डोंबिवलीकराने पाहिला असेल, त्याला कठीण झालेल्या धमनीची कल्पना सहज येईल. मात्र हा चुना पाण्यातून येऊन बसत नाही. वार्धक्य, मधुमेह आणि तंबाखू यांनी जीर्ण केलेल्या धमनीच्या भिंतीतील मेदाच्या थरातच तो साठत जातो.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा ज्या मूत्रपिंडांकडे जातो, त्यांची वाट अशी अरुंद झाली की, साऱ्या देहाचाच रक्तदाब उतरला अशा समजुतीने ती रेनिन नावाचे द्रव्य सोडतात, आणि आधीच चढलेला दाब आणखी चढतो. ही धमनी अरुंद झाल्याने दाब चढतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडांच्या धमन्या आवळून सिद्ध केले.

1978 साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या धमनीत फुगा फुगवून ती रुंद केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. परंतु चुना दाट असला म्हणजे फुगा मध्येच आवळलेला राहतो, जाळीदार नळी बसविली तरी ती पुरती उमलत नाही, आणि जोर वाढवावा तर धमनी फाटण्याचे भय. त्यावरची नवी तजवीज अशी की, मुतखडा ध्वनिलहरींनी फोडण्याचे जे तत्त्व, तेच बारीक फुग्यात आणून, अल्प दाबाखाली लहरींचे ठोके देत चुन्याला आधी तडे पाडायचे. हे साधन मुख्यतः हृदयाच्या व पायांच्या धमन्यांसाठी घडलेले आहे. मूत्रपिंडासाठी त्याचा वापर निवडक रुग्णांतच होतो.

प्रत्येक अरुंद धमनी उघडावी, हा आग्रह मात्र मला अमान्य आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, नऊशेंहून अधिक रुग्णांच्या ‘कोरल’ चाचणीत औषधांना जाळीदार नळीची जोड देऊन विशेष लाभ दिसला नाही. वारंवार फुप्फुसांत अकस्मात पाणी भरणे, तीन-चार औषधांनाही दाद न देणारा दाब, झपाट्याने ढासळणारे मूत्रपिंड, अशा प्रसंगीच हा विचार रास्त ठरतो.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील वाचकांना विनंती एवढीच: रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची रक्तातील खूण) वाढले, तर ते धमनी अरुंद असल्याचे चिन्ह असू शकते; गोळी परस्पर बंद न करता, जुने सारे कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी हवी का, हे स्पष्ट विचारा.