शून्याचें कुलूप

शिरूर तालुक्यांतील रांजणगांव किंवा दौंड तालुक्यांतील कुरकुंभ येथील कारखान्यांत तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील कामास असतील. अशा कारखान्यांत टेलिफोन पुष्कळ, पण बाहेरच्या तारा थोड्या. त्या सर्वांस वांटून देणारें एक खासगी एक्स्चेंज असतें. त्याचे कांहीं नियम एकेका टेलिफोनापुरते, तर कांहीं सर्वांस सारखे लागू होतात. ‘बाहेर बोलण्यास प्रथम ० दाबावें,’ हा सार्वत्रिक नियम होय.

परगांवचा क्रमांकही शून्यानेंच सुरू होतो. म्हणून खर्च वांचविण्यासाठीं दुसरा नियम घालीत, कीं पुन्हा ० आल्यास फोन अडवावा. मग शिरूरहून दौंडही (०२११७) बंद! एकाच जिल्ह्यांत ही अडवणूक विचित्रच.

पुढें १५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या टेलिफोनावरून मोबाइल लावतांनाही आधीं ० आवश्यक झालें. जेथें जुनें कुलूप तसेंच राहिलें, तेथें सर्व मोबाइल अडले. कुरकुंभास रसायनांचे कारखाने आहेत. रात्रीं वायु गळला, तर फाटकावरील पहारेकऱ्यानें डॉक्टरांस कसें बोलवावें? यासाठीं त्याचा टेलिफोन कुलपाबाहेर ठेवावा. ११२ हा क्रमांक तर कोणत्याही टेलिफोनावरून, आरंभींच्या शून्याविनाही, लागला पाहिजे. शिवाय कचेरी बंद झाल्यावर बाहेरून येणाऱ्या फोनची घंटा फाटकावरच वाजेल, अशी योजना असावी.